यंत्राच्या जागी बसलेली

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलर बंद करून बसणारी मी बहुधा एकटीच असेन. पण कूलरच्या घरघरीत हेडफोनमधले बारीक आवाज बुडून जायचे, आणि माझं सगळं काम त्या बारीक आवाजांवर चालायचं. खिडकीला जाड चादर, मानेवर ओला पंचा, टेबलाखाली पेडल. पेडल दाबलं की बोलणारा बोलायचा, पाय उचलला की थांबायचा. शिलाई मशीनवर बसल्यासारखं. फक्त कापडाच्या जागी जर्मन माणसांचं बोलणं असायचं आणि ते ऐकून मी टाइप करायची.

जर्मन मी कॉलेजात असताना धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये शिकले. पुढे आठ वर्षं पुण्यात नोकरी केली. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून परत आले. इथे माझ्या जर्मनला कुठे नोकरी नव्हती, तेव्हा एका परदेशी कंपनीचं घरून काम धरलं. त्या कंपनीची समन्वयक बंगलोरला बसायची. तिचा आवाज मी कधी ऐकला नाही, सगळं चॅटवर. पहिल्याच दिवशी तिने तीन नियम पाठवले. ऐकू येईल तेच लिहायचं. बोलणारा ‘खोडा’ म्हणाला तर तेवढं काढून टाकायचं. आणि आपण माणूस आहोत हे कुठेही कळू द्यायचं नाही. कारण तिकडच्या गिऱ्हाइकांना हे सॉफ्टवेअर म्हणून विकलं होतं. तुम्ही बोला, यंत्र लिहील, कोणीही ऐकणार नाही, अशी जाहिरात होती.

मी विचारलं, “पण यंत्र कुठे आहे?”

तिने लिहिलं, “ते शिकतंय अजून. तोपर्यंत यंत्र म्हणजे तुम्ही.”

मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही. उलट थोडं हसूच आलं.

दिवाळीनंतर माझ्याकडे एका म्हाताऱ्याच्या फाइली यायला लागल्या. जर्मनीतल्या एका राज्याचा माजी कामगारमंत्री. तो आपल्या आठवणींचं पुस्तक सांगत होता, रोज साधारण पाऊण तास. आवाज खोल, शब्द मोजके, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक लहानसा श्वास. त्याच्या खोलीत कुठेतरी लाकडी घड्याळ होतं आणि कधीकधी खिडकीबाहेर कावळे ओरडायचे. तिकडचे कावळेही आपल्यासारखेच ओरडतात हे मला तेव्हा कळलं.

त्याचा बाप छपरं घालणारा. त्यांच्या गावाकडे काळ्या पातळ दगडाची छपरं असतात, तो दगड फोडून, भोकं पाडून बसवायचा. मुलगा मात्र उंचीला घाबरायचा. तो कॅमेरा घेऊन फिरायला लागला, गावातल्या साप्ताहिकाला फोटो द्यायला लागला. पगार नाही, ओळखपत्र नाही, फोटो छापला तर ठीक. अशा माणसाला जर्मनमध्ये ‘मोकळा सहकारी’ म्हणतात. मंत्री सांगत होता, “मी नऊ वर्षं मोकळा होतो. आजारी पडायलाही मोकळा आणि उपाशी राहायलाही मोकळा.” हे टाइप करताना मी पाय उचलला आणि ते वाक्य परत एकदा ऐकलं.

मग गावातला सार्वजनिक पोहण्याचा तलाव बंद झाला. कुलूप लावलेल्या दारापुढे टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पोरांचा त्याने फोटो काढला. तो फोटो इतका गाजला की लोकांनी त्यालाच नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. तिथून राज्याच्या विधानसभेत, आणि पुढे एकदा मंत्रिपद. घरून एकट्याने काम करणाऱ्यांना आजारपणात आधार मिळावा म्हणून त्याने विधेयक आणलं. ते सभागृहात पडलं. पुढच्या निवडणुकीत तोही पडला.

एवढं पुस्तकात येणार होतं. पण तो मधेमधे भलतंच बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, “हे खोडा.” खोडायच्या त्या भागांत एक बाई होती. त्याची सगळी भाषणं तिने लिहिली होती, वीस-बावीस वर्षं. तीही मोकळीच. पक्षाच्या कुठल्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती त्याच्या घरी यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, तो दोन शब्द बोलायचा आणि ती वाक्य पुरं करायची. ती वारली तेव्हा तो मंत्री होता. कामात होता, अंत्यविधीला गेला नाही.

“मी आता काहीही बोललो तरी ते तिचंच असतं,” तो एकदा म्हणाला. “माझं स्वतःचं एकही वाक्य मला सापडत नाही. खुर्ची अजून तिथेच आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसतो. हे खोडा.”

मी खोडलं. पण कागदावरून पुसलं म्हणून कानातून कसं पुसणार? पुस्तकात जे येणार नव्हतं तेवढंच माझ्यापाशी साठत गेलं. हा माणूस हे कोणालाही सांगत नव्हता. कोणी नाही याची खात्री होती, म्हणून तर सांगत होता. आणि त्या कोणी नसण्याच्या जागेत मी हेडफोन लावून बसले होते.

आई एक दिवस दारात येऊन उभी राहिली. “कोनाशी बोलून राहिली वं?”

“कोणाशीच नाही. टाइप करून राहिली.”

“ओठ हालून राहिले तुहे. हो हो म्हनत होती.”

मला पत्ताच नव्हता.

फेब्रुवारीत त्याचे शब्द हरवायला लागले. आधी माणसांची नावं, मग वस्तूंची. मार्चातल्या एका फाइलमध्ये तो बापाबद्दल सांगत होता. दगड फोडायची ती हातोडी, एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला टोक. तिला त्यांच्याकडे खास शब्द आहे. तो अडला. “ते बापाच्या पट्ट्याला लटकलेलं असायचं. ते… ते…” घड्याळ टिकटिकत राहिलं. शेवटी तो तसाच पुढे गेला.

तो शब्द मला माहीत होता. डिसेंबरात त्यानेच तो सांगितला होता, आणि मी शब्दकोशात शोधून शहानिशा केली होती. अडलेल्या जागी मी तो घातला. नियमाविरुद्ध होतं, पण कोणी चष्मा शोधत असेल आणि तो आपल्या हाताशी असेल तर आपण देतोच ना, तेवढ्याच सहजपणे मी तो दिला.

दोन दिवसांनी नवी फाइल आली. सुरुवातीला बराच वेळ काही नव्हतं. नुसतं घड्याळ. मग खूप हळू आवाजात तो म्हणाला, “हा शब्द मी बोललो नव्हतो.”

“मी माझं रेकॉर्डिंग परत ऐकलं. तीनदा. मी दिवसभर तो शब्द शोधत होतो, मिळाला नाही. आणि तुमच्या कागदावर तो आहे.” खुर्ची करकरली. “तिथे कोण आहे?”

मी पाय पेडलवरून काढला. आवाज थांबला, पण मला वाटत राहिलं की तो तिकडे उत्तराची वाट बघत बसलाय. खरं तर त्याने हे आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. हे माहीत असूनही मला परत पेडल दाबायला वेळ लागला.

“यंत्र असेल तर माझं काही म्हणणं नाही,” तो पुढे म्हणाला. “माणूस असेल, तर या वाक्यानंतर दोन ओळी कोऱ्या सोडा. बाकी काही नको.”

त्यानंतर तो नेहमीसारखा विधानसभेच्या आठवणींकडे वळला, जणू काही झालंच नाही.

ती फाइल मी तशीच ठेवून आईजवळ जाऊन बसले. आई ज्वारी निवडत होती. ती पंधरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडायची. मग सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं आणि तिला बिलांच्या खिडकीवर बसवलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं.

“आमालेही बोलाची मनाई होती,” ती म्हणाली. “लाइन लागली का नाई, तेवढं आयकाचं अन् बाजूले व्हाचं. माह्या दुपारच्या ड्युटीले एक मानूस रोज एकच नंबर मांगत होता. वर्ध्याचा. मी जोडून देत होती. घंटी वाजत राहाची, कोनी उचलत नोतं. तो आयकत बसाचा. सहा महिने असंच. एक दिवस मी मधातच बोलली. म्हनलं, भाऊ, त्या घरी कोनी राहत नसंल. काहून लावता रोज?”

“काय म्हणाला?”

“म्हने, मले मालूम आहे बाई. घर माहंच आहे. कुलूप मीच लावून आलो. घंटी वाजते का नाई, तेवढं आयकतो.”

स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला आणि मी दचकले.

“त्याच्यानंतर त्यानं नंबर मांगला नाई,” आई म्हणाली. “माहा आवाज आयकला, अन् त्याले समजलं का आपल्याशिवाय दुसरंही कोनी आयकून राहिलं. बोलाले नोतं पाह्यजे मी. पन त्यानं मले इचारलं नोतं. तुले तर त्या मानसानं इचारलं.”

मी परत खोलीत गेले आणि त्या वाक्यानंतर दोन ओळी कोऱ्या सोडल्या. मग पुढचं सगळं नियमाप्रमाणे टाइप केलं. आणि फाइल पाठवून दिली.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी आलेल्या फाइलमध्ये तो रागावलेला होता. “पाच महिने मी एका अनोळखी माणसापुढे कपडे काढून बसलो होतो,” तो म्हणाला. “जे खोडा म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. ते कुठे ठेवलंत?” “मी आयुष्यभर सांगत आलो की कुठलाही माणूस काम करताना अदृश्य असू नये. आणि जिथे माणूस नाही असं कळलं, तिथेच मी धावत गेलो. तुम्हाला काय म्हणणार मी? तुम्ही तुमचं काम केलंत.” शेवटी तो म्हणाला, “धन्यवाद.” हे खोडायला मात्र त्याने सांगितलं नाही.

त्यानंतर तो दर फाइलच्या सुरुवातीला मला नमस्कार करायचा. तुमच्याकडे आत्ता ऊन आहे का, विचारायचा. उत्तर देता येणार नाही हे त्याला माहीत होतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सुरू झालं होतं. एकट्याने काम करणाऱ्यांचं पुढे काय होणार, याबद्दलचं. “पूर्वी मालकाला मजुराचं नाव ठाऊक नसायचं,” तो सांगत होता, “पण मजुराला मालकाचं ठाऊक असायचं. आता पलीकडे कोणी आहे की नाही, हे दोघांनाही कळणार नाही.”

पण त्याची वाक्यं अर्धी राहू लागली. तो सुरुवात करायचा, थांबायचा, आणि पुढचं वाक्य सुरू करायचा. आधी मला वाटलं शब्द हरवतायत. मग लक्षात आलं की तो मुद्दाम थांबतोय. माझ्यासाठी जागा सोडतोय. आणि मी ती भरत गेले. मला ते जमतही होतं, त्याची लकब मला पाठ झाली होती. पुढच्या फाइलमध्ये तो म्हणायचा, “बरोबर. हेच म्हणायचं होतं.” मला आनंद व्हायचा. आजही कबूल करायला लाज वाटते, पण व्हायचा.

एप्रिलच्या मध्यावर एका फाइलमध्ये त्याने नमस्कार केला नाही. जर्मनमध्येही आपल्यासारखं ‘तुम्ही’ आणि ‘तू’ वेगळं असतं. इतके महिने मी ‘तुम्ही’ होते. त्या दिवशी तो म्हणाला, “तू आलीस. मला वाटलंच होतं. वाक्यं वाचली आणि कळलं.” मग त्याने एका बाईचं नाव घेतलं. खोडलेल्या भागांतली ती बाई. “आज मी खुर्ची माझ्याकडे वळवून ठेवली आहे. बस.”

त्या फाइलमध्ये त्याच्या आवाजाखाली मला आणखी कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मऊ, जवळचा, तो थांबला की चालू राहणारा. मी आवाज वाढवला, कमी केला, तो तेवढाच राहिला. शेवटी पाय उचलला. रेकॉर्डिंग थांबलं आणि श्वास चालूच राहिला. तो माझाच होता. घट्ट हेडफोनमध्ये स्वतःचा श्वास घुमतो, एवढंच. हे कळलं तरी मी हेडफोन काढून गच्चीच्या जिन्यात उन्हात जाऊन बसले, आई हाक मारेपर्यंत.

मी त्याच्या मेलेल्या बाईच्या जागी जाऊन बसले होते. त्याने बोलावलं होतं हे खरं, पण एकेक वाक्य भरत मी स्वतःच तिथपर्यंत चालत गेले होते.

मी समन्वयकाला लिहिलं की गिऱ्हाइकाची तब्येत बरी वाटत नाही, त्याच्या घरच्यांना कोणीतरी कळवा. तिने लिहिलं, कळवते. कळवलं की नाही, मला माहीत नाही. त्याखाली तिचा दुसरा निरोप होता. आता यंत्र तयार झालं आहे. पुढच्या फाइली तेच लिहील, तुम्ही फक्त तपासायच्या. ते तुमच्यासारख्यांनी केलेल्या कामावरूनच शिकलंय, तेव्हा फार चुका नसतील.

तपासायला आलेली पहिली फाइल त्याचीच होती. नंतर ती शेवटचीही ठरली. मी एका बाजूला यंत्राने लिहिलेला मजकूर उघडला आणि पेडल दाबलं. आवाज फार थकलेला होता. “जे लोक एकटे काम करतात,” तो म्हणाला, “त्यांना सगळ्यात जास्त गरज असते ती…” आणि तो थांबला. घड्याळ. एक कावळा. पुढे वीस मिनिटं तो काहीच बोलला नाही. मधे एकदा कोणीतरी खोलीत आलं, त्याला हळू आवाजात काही विचारलं, आणि रेकॉर्डिंग संपलं.

यंत्राच्या मजकुरात मात्र ते वाक्य पुरं झालेलं होतं. त्यांना सगळ्यात जास्त गरज असते ती पलीकडे कोणीतरी आहे हे माहीत असण्याची, असं. पुढे एक पूर्ण परिच्छेद होता, मग आणखी एक. त्याच्याच लकबीत, मोजक्या शब्दांत. मी ते वाचत होते आणि हेडफोनमध्ये घड्याळाशिवाय काही नव्हतं. तो गप्प बसलेला आणि त्याचं बोलणं कागदावर चाललेलं.

मला धक्का बसला तो यंत्राने खोटं लिहिलं म्हणून नाही. मी असते तर अगदी हेच लिहिलं असतं, म्हणून. शब्दांचा क्रमसुद्धा हाच. माणूस थांबला की पुढचं आपण बोलायचं, हे यंत्राला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी ते दोन्ही परिच्छेद काढले. अर्ध्या वाक्यालाही तो थांबला तिथेच कापलं आणि त्यापुढे लिहिलं: बोलणारा गप्प आहे, शेवटपर्यंत. समन्वयकाने विचारलं, एवढं का काढलं? मी लिहिलं, तो हे बोललेला नाही, ऐकून बघा. ऐकायला बहुधा कोणाला वेळ नसावा. माझा मजकूर तसाच पुढे गेला. दोन महिन्यांत माझ्याकडे येणारं काम आटलं आणि एक दिवस त्यांच्या साइटवर माझा पासवर्ड चालेना.

आता मी रामदासपेठेतल्या एका संस्थेत नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवते. त्या तिकडच्या हॉस्पिटलांत आणि वृद्धाश्रमांत नोकरीला जाणार आहेत. वर्गात पस्तीस मुली एकदम बोलतात, आणि मला ते फार बरं वाटतं.

त्याचं पुस्तक निघालं. मुलीने काढलं, तो आता काही बोलत नाही असं तिने प्रस्तावनेत लिहिलं आहे. मी ते मागवलं. शेवटच्या प्रकरणात माझी वाक्यं आहेत. कुठली माझी आणि कुठली त्याची हे मी खुणा करून बघायला बसले होते, पण दहा पानांतच पेन्सिल ठेवून दिली. मला ओळखता येईना. ते प्रकरण मात्र शेवटी अर्ध्या वाक्यावर तुटतं. खाली लहान अक्षरांत टीप आहे की लेखक इथे थांबले.

आई म्हणाली, वाच, मले बी आयकू दे. मी शेवटचं प्रकरण मराठी करत करत तिला वाचून दाखवलं. दुपार होती, कूलर चालू होता, म्हणून मोठ्याने वाचत होते. त्या तुटलेल्या वाक्याशी आले आणि थांबले.

“मंग? कशाची गरज असते?” आईने विचारलं.

पुढचे शब्द माझ्या जिभेवर तयार होते, सगळेच्या सगळे.

“पुढे काही नाही,” मी म्हणाले. “इथवरच बोलला तो.”